कच्च्या भाज्यांची तोंडीलावणी आणि स्निग्धांशाचा हिशेब

भाज्या भरपूर खाव्यात, त्यांतल्या काही कच्च्या खाव्यात, हा उपदेश आता कोणालाही नवा राहिलेला नाही. प्रौढ माणसाने दररोज निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि तिच्याबद्दल आहारशास्त्राच्या जाणत्यांत फारसा मतभेदही नाही. तरीही उपदेश आणि आचरण यांच्यामध्ये जे अंतर उरते ते बहुधा चवीचे असते. गाजराची, काकडीची, मुळ्याची किंवा नवलकोलाची नुसती फोड दोन-चार घासांनंतर नकोशी होऊ लागते. पण तिच्या जोडीला काही आंबट, किंचित तिखट आणि जिभेवर मऊ उतरणारे असले, की तीच थाळी सहज संपते. या जोडीच्या पदार्थांना आता घराघरांत ‘डिप’ म्हणतात. त्यांचा मोह मुख्यतः त्यांच्या मलईदारपणात असतो, आणि तो मलईदारपणा पुष्कळ वेळा शुद्ध तेलाचा किंवा सायीचा असतो. ज्या भाजीत मेद जवळजवळ नाही ती खाण्यासाठी तिच्या कितीतरी पट मेद पोटात घालावा लागत असेल, तर त्या व्यवहारात नफा कोणता, हा या लेखाचा प्रश्न आहे. मलईदारपणा न गमावता स्निग्धांश किती कमी करता येतो, तो कोणत्या मार्गाने कमी करावा आणि कोणत्या मर्यादेपुढे कमी करू नये, या तिन्ही बाबींचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

कच्च्या भाज्या कशात तरी बुडवून खाण्याची चाल जुनी आहे. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात लसूण आणि ऑलिव्हचे तेल घोटून केलेल्या आयोलीबरोबर भाज्या मांडतात, आणि इटलीच्या पीडमाँट प्रांतात तेल, लसूण व खारवलेले अँचोव्ही मासे एकत्र कढवून केलेल्या ऊन मिश्रणात त्या बुडवतात. परंतु आज हा प्रश्न ज्या स्वरूपात आपल्यापुढे येतो, ते स्वरूप त्याला विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत प्राप्त झाले. १९५४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात कांद्याच्या सुक्या सुपाची पुडी आंबवलेल्या सायीत कालवून एक डिप करण्यात येऊ लागले आणि अल्पावधीत ते देशभर पसरले. त्याच दशकात सांता बार्बाराजवळच्या आपल्या विश्रामस्थळी स्टीव्ह हेन्सन यांनी ताक, मेयोनेज व सुक्या वनस्पती यांचे जे मिश्रण पाहुण्यांपुढे ठेवले, ते पुढे ‘रँच’ या नावाने घरोघरी गेले. या पदार्थांची घडण सरकारी व्याख्यांवरूनच समजून येते. अमेरिकी नियमांप्रमाणे आंबवलेल्या सायीत निदान १८ टक्के दुग्धस्निग्धांश आणि मेयोनेजमध्ये निदान ६५ टक्के वनस्पतितेल असावे लागते. म्हणजे ३० ग्रॅम, अर्थात दोन मोठे चमचे, मेयोनेज घेतले तर त्यात साडेएकोणीस ग्रॅमांहून कमी तेल असूच शकत नाही. आणि एका ग्रॅम मेदापासून नऊ उष्मांक मिळतात, हे लक्षात घेता नुसत्या तेलाचे उष्मांक पावणेदोनशेच्या घरात जातात. शंभर ग्रॅम गाजराची सारी ऊर्जा चाळीस उष्मांकांच्या आसपास असते, आणि काकडीची तर पंधराच्या.

या जमाखर्चाविरुद्ध प्रतिक्रिया उमटणे अपरिहार्य होते, आणि ती उमटलीही. १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदयविकाराचा धोका असलेल्यांना संपृक्त मेद कमी करण्याचा सल्ला दिला, आणि १९७७ मध्ये सेनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आहारातील एकूण मेदाचा वाटा ऊर्जेच्या तीस टक्क्यांपर्यंत आणावा अशी शिफारस केली. मग उद्योगधंद्यांनी ‘लाइट’ आणि ‘लो फॅट’ या शिक्क्यांचे असंख्य पदार्थ बाजारात आणले. तेल काढून घेतल्यावर उरलेली पोकळी भरण्यासाठी फेरफार केलेले पिष्ट, झँथन गोंद, माल्टोडेक्स्ट्रिन अशी द्रव्ये योजली गेली. १९९० मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने ‘सिम्प्लेस’ या द्रव्याला मान्यता दिली, ज्यात दूध किंवा अंडे यांच्या प्रथिनांचे इतके सूक्ष्म व गोल कण केलेले असतात की जिभेला ते सायीसारखे भासतात. कल्पकतेच्या दृष्टीने हे प्रयत्न आदरास पात्र आहेत. परंतु पदार्थातील कित्येक सुवासिक द्रव्ये मेदातच विरघळतात, त्यामुळे मेद गेला की स्वादही फिका पडतो, आणि तो फिकेपणा झाकण्यासाठी साखर व मीठ वाढवण्याची वाट उद्योगाला सर्वांत सोपी वाटली. अशा पदार्थाच्या बाटलीवरील मेदाचा आकडा खरा असला, तरी त्या एका आकड्यावरून पदार्थाच्या आरोग्यदायकतेचा निकाल लागत नाही.

येथे मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे, आणि तो असा की मलईदारपणा म्हणजे नेमके काय. जीभ मेद म्हणून जे ओळखते त्यात पुष्कळसा भाग स्पर्शाचा असतो. दाट द्रवात अत्यंत बारीक, मऊ आणि शक्यतो गोल कण समप्रमाणात पसरलेले असतील आणि जीभ व टाळू यांच्यामध्ये ते अडखळल्याविना सरकत असतील, तर त्या अनुभवास आपण मलईदार म्हणतो. कण मोठे व कठीण असले की तोच पदार्थ रवाळ लागतो, आणि कण विरळ असले की पाणचट. सायीतील स्निग्ध गोलिका हे काम उत्तम करतात, परंतु ते काम त्यांच्या एकट्यांच्या मालकीचे नाही. दुधातील प्रथिनांचे जाळे, शिजलेल्या कडधान्यातील पिष्ट व तंतू, भाजलेल्या वांग्याचा किंवा उकडलेल्या भोपळ्याचा मऊ गर, यांपैकी कशाचाही आधार घेऊन हा स्पर्श उभा करता येतो. तेव्हा कमी मेदाचे मलईदार डिप ही कारखान्याने शोधलेली युक्ती नसून, अनेक पाकपरंपरांनी स्वतंत्रपणे साधलेली गोष्ट आहे, आणि आढाव्याचा मोठा भाग या परंपरांनाच दिला पाहिजे.

त्यांत पहिला मान दह्याचा. दूध आंबत असताना त्याचा सामू ४.६ च्या जवळ येतो आणि केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटून जे जाळे विणतात, त्यात पाणी व मेद दोन्ही अडकून राहतात. दूध विरजण्यापूर्वी ८५ ते ९० अंशांपर्यंत तापवून काही मिनिटे त्याच उष्णतेवर ठेवले, तर पाण्यात विरघळलेली दुधातील इतर प्रथिनेही उलगडून केसीनला जडतात, आणि दही घट्ट लागते व पाणी कमी सोडते. कमी मेदाच्या दुधाचे दही पातळ लागते ही तक्रार बरीचशी या एका उपायाने दूर होते. असे दही स्वच्छ पंचात बांधून टांगले की चक्का मिळतो. ग्रीस देशाचे झात्झिकी, म्हणजे घट्ट दही, काकडी, लसूण व थोडे ऑलिव्हचे तेल. तुर्कस्तानचे जाजिक, इराणचे मास्त-ओ-खियार आणि लेबनॉन-सीरियाकडील लबने, ही सारी याच कुळातली आहेत. आपल्याकडे चक्का म्हटला की श्रीखंडच डोळ्यांपुढे येते. पण मीठ, जिरेपूड, वाटलेली हिरवी मिरची व कोथिंबीर घातलेला चक्का गाजराच्या कांडीबरोबर तितकाच शोभतो.

मात्र चक्क्याबाबत एक गैरसमज फार दृढ आहे, आणि तो हिशेबाने दूर करणे अगत्याचे आहे. दही टांगल्याने पाणी निघून जाते, मेद जात नाही. तो उरलेल्या पदार्थात एकवटतो. एक किलो दह्याचा चक्का साधारणतः चारशे-साडेचारशे ग्रॅम भरतो असे धरले, तर सहा टक्के स्निग्धांशाच्या फुल क्रीम दुधाच्या दह्याचा चक्का तेरा ते पंधरा टक्के स्निग्धांशाचा होतो, म्हणजे अमेरिकी आंबवलेल्या सायीच्या अगदी शेजारी जाऊन बसतो. तीन टक्क्यांच्या टोन्ड दुधाचा चक्का सात टक्क्यांच्या आसपास आणि दीड टक्क्याच्या डबल टोन्ड दुधाचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. आपल्या देशातील नियमांप्रमाणे घन पदार्थास ‘लो फॅट’ म्हणण्यासाठी त्याच्या शंभर ग्रॅमात तीन ग्रॅमांहून अधिक मेद असता कामा नये. या कसोटीवर टोन्ड दुधाचा नुसता चक्काही उतरत नाही, परंतु डबल टोन्ड दुधाच्या चक्क्यात किसून पिळलेली काकडी किंवा त्याच दुधाचे साधे दही पुरेसे मिसळले की तो निश्चित उतरतो. तेव्हा पातेल्यात दूध कोणते ओतावयाचे, येथूनच डिपच्या आरोग्याला सुरुवात होते. टोन्ड दुधाचा मुंबईशी जवळचा संबंध आहे, हेही सांगितले पाहिजे. म्हशीच्या स्निग्ध दुधात मलईविरहित दुधाची भुकटी व पाणी मिसळून ते अधिक लोकांना, कमी दरात आणि प्रथिनांत फारसे उणे न होऊ देता पुरवावे, ही टोन्ड दुधाची योजना १९४० च्या दशकात मुंबईच्या दूधपुरवठ्याचा कारभार पाहणारे दारा खुरोडी यांनी अमलात आणली. त्रिभुवनदास पटेल व व्हर्गीस कुरियन यांच्यासह १९६३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. टंचाईवर तोड म्हणून निघालेले ते दूध आजच्या कमी मेदाच्या पाककृतींस इतके उपयोगी पडावे, ही दूरदृष्टीचीच फलश्रुती म्हटली पाहिजे.

चक्क्याचे पाणी फेकून देण्याचे कारण नाही. कणीक भिजवण्यास किंवा आमटीत घालण्यास ते उत्तम. कमी मेदाचे पनीर थोड्या दह्याबरोबर मिक्सरमधून चांगले गुळगुळीत होईपर्यंत फिरवले, तर दही टांगण्याची सवड नसलेल्या घरातही तसाच दाटपणा मिळतो. अमेरिकेत वजन उतरवू पाहणाऱ्या मंडळींनी कॉटेज चीज वाटून आंबवलेल्या सायीच्या जागी वापरण्याची जी रीत पाडली, तिचे तत्त्वही हेच होय.

दुसरे घराणे कडधान्यांचे. काबुली चणे, तीळ वाटून केलेली ताहिनी, लिंबू व लसूण यांचे हुमुस आज जगभर पोचले आहे, आणि वाटलेल्या चण्यांच्या तशा पदार्थांचे उल्लेख कैरोच्या मध्ययुगीन पाकग्रंथांत सापडतात. शिजलेल्या चण्यांत मेद अवघा अडीच टक्क्यांच्या सुमारास असतो. हुमुसमधील बाकीचा सारा मेद ताहिनीतून व वरून ओतलेल्या तेलातून येतो, कारण ताहिनी निम्म्याहून अधिक मेदच असते. म्हणून ताहिनी निम्मी करावी आणि तिची जागा थोड्या दह्याने व चणे शिजवलेल्या पाण्याने भरावी, हा मध्यममार्ग चवीस बाध येऊ न देता साधतो. गुळगुळीतपणाचे रहस्य तेलात नसून शिजवण्यात व वाटण्यात आहे: चणे रात्रभर भिजवावेत, शिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, म्हणजे साली विरघळण्याइतक्या मऊ होतात, सुटलेल्या साली काढून टाकाव्यात आणि थंड पाण्याचा हबका देत दीर्घकाळ वाटावे. मसूर, चवळी, राजमा यांत मेद आणखी कमी असतो आणि त्यांचेही असेच डिप होते. राजम्याबाबत मात्र एक सक्त सूचना आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात विषारी लेक्टिन असते, म्हणून त्याचे भिजवलेले पाणी टाकून, तो खळखळ उकळून पूर्ण शिजवल्यावरच वाटावा. चैत्रातील हळदीकुंकवाला होणारी कैरीची डाळ याच कुळाच्या जवळची. भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटण्याऐवजी थोड्या दह्याबरोबर बारीक वाटली आणि वर मोजकी फोडणी दिली, तर काकडी व मुळ्याच्या जोडीला यापेक्षा रुचकर काही शोधावे लागणार नाही.

तिसरे घराणे भाजलेल्या व उकडलेल्या गरांचे, आणि ते आपल्या स्वयंपाकघराच्या सर्वांत निकटचे आहे. विस्तवावर भाजलेल्या वांग्याच्या पेशी कोसळून जो मऊ, धुरकट गर तयार होतो, त्याला मलईदार होण्यासाठी तेलाची गरज जवळजवळ नसते. पश्चिम आशियात तो ताहिनीबरोबर कालवतात. आपल्याकडे दह्यातले वांग्याचे भरीत आहेच, आणि कच्चा कांदा, मिरची, कोथिंबीर व दही इतक्या सामग्रीवर ते उभे राहते. लाल भोपळ्याच्या दह्यातल्या भरताला फेसलेली मोहरी लावण्याची जी चाल आहे, ती विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. पाण्याबरोबर वाटून फेसलेल्या मोहरीत जो बुळबुळीत अंश असतो तो पाणी व तेल यांना एकमेकांपासून फुटू देत नाही. मेयोनेजमध्ये मोहरी घालण्याचे एक कारणही हेच. म्हणजे मोहरी येथे दुहेरी काम करते: तिखट झणका देते, आणि थोड्या मेदात अधिक दाटपणा व एकजीवपणा आणते. मेद कमी केल्याने स्वाद फिका पडतो ही जी अडचण वर सांगितली, तिच्यावर मोहरी, लसूण, आले, भाजलेले जिरे, लिंबू, पुदिना यांचे तोडगे साखर-मिठाच्या तोडग्यांहून कितीतरी श्रेयस्कर आहेत.

चौथ्या, म्हणजे तेलबियांच्या घराण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास, काजूत त्याहून थोडा कमी आणि जवसात चाळीस टक्क्यांच्या सुमारास मेद असतो. ओल्या नारळात तो तेहेतीस टक्क्यांच्या आसपास असून मुख्यतः संपृक्त असतो. म्हणून काजूची पेस्ट किंवा नारळाचे दूध यांवर आधारलेले डिप दूध वर्ज्य असणाऱ्यांना सोयीचे असले तरी कमी मेदाचे म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी मऊ सोया पनीर, अर्थात टोफू, वाटून घेणे अधिक योग्य. तेलबिया मुख्य घटक म्हणून न वापरता वरची चव म्हणून वापरल्या, तर त्यांच्याविरुद्ध काहीच म्हणावयाचे नाही. वाटीभर घट्ट दह्यात चमचाभर शेंगदाण्याची, कारळ्याची किंवा जवसाची चटणी कालवणे ही आपल्या जेवणातील नित्याची गोष्ट आहे, आणि मेदाच्या हिशेबातही ती चोख बसते.

आता त्या प्रश्नाचा विचार, ज्याची या विषयावरील लिखाणात बहुधा उपेक्षा होते. मेद कमी करावयाचा, तर शून्यावरच का आणू नये? याचे उत्तर भाजीतच आहे. गाजर, टोमॅटो, पालेभाज्या यांतील बीटा-कॅरोटीन, लायकोपीन, ल्यूटीन ही द्रव्ये मेदात विरघळणारी आहेत, आणि सोबत मेद नसेल तर आतड्यातून त्यांचे शोषण फारच थोडे होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांच्या एका प्रयोगात एकच सॅलड मेदरहित, कमी मेदाच्या व भरपूर मेदाच्या ड्रेसिंगबरोबर देऊन रक्तातील कॅरोटिनॉइडांचे मोजमाप केले गेले. मेदरहित ड्रेसिंगबरोबर शोषण जवळजवळ झालेच नाही आणि मेद वाढत गेला तसे ते वाढले. म्हणजे ज्याने आरोग्यासाठी तेलाचा शेवटचा थेंबही काढून टाकला, त्याने गाजर खाऊन गाजरातील एक मोठे धन परत केले असा अर्थ होतो. तथापि या निष्कर्षावरून पुन्हा मेयोनेजकडे वळण्याचे कारण नाही, कारण शरीर मेद मोजते ते संपूर्ण जेवणात. ताटात तूप लावलेली पोळी आणि फोडणीची आमटी असेल, तर कोशिंबिरीत स्निग्धांश नगण्य असला तरी चालेल. पण संध्याकाळच्या भुकेला नुसत्या कच्च्या भाज्या व डिप एवढेच घ्यावयाचे असेल, तर माणशी निदान एक चहाचा चमचा तेल, किंवा तितका मेद पुरवणारे दाण्याचे कूट अथवा तीळ, त्या डिपमध्ये असणे हितकारक आहे. दह्यातल्या कोशिंबिरीवर शेवटी दिलेली हिंग-जिऱ्याची फोडणी या दृष्टीने पाहिली, की तिच्या योग्यतेची खूण पटते: तेल थोडे, वरच्या वर, आणि त्याच तेलाने मसाल्यांचा सुवास संपूर्ण पदार्थात पसरवलेला.

मेदाइतकेच लक्ष मिठाकडे हवे. प्रौढाने दिवसाकाठी पाच ग्रॅमांच्या आत मीठ खावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि सुपाच्या पुडीचे किंवा बाटलीतले डिप या मर्यादेचा मोठा हिस्सा एका बैठकीत घेऊ शकते. घरच्या डिपमध्ये मीठ अगदी आयत्या वेळी घालण्यात दुहेरी लाभ आहे: मीठ कमी पुरते, आणि काकडी-मुळ्याला पाणी सुटून चक्का पातळ होत नाही. काकडी मिसळावयाची असल्यास ती चोचवून किंवा किसून, हलके पिळून मग घालावी. भाज्यांविषयी सावधगिरीचे दोन शब्दही येथे आवश्यक आहेत. कच्च्या खाण्याच्या भाज्या पिण्याच्या पाण्याने, वाहत्या धारेखाली, चोळून धुवाव्यात, कोबीची वरची पाने काढून टाकावीत, आणि दह्याचे डिप उन्हाळ्यात बाहेर ताटकळत न ठेवता गार ठेवून एक-दोन दिवसांत संपवावे.

सर्व बाजू पाहिल्यावर प्रस्तुत लेखकाचे मत असे बनते, की कमी मेदाचे डिप चांगले की वाईट हा प्रश्नच चुकीच्या टोकाने मांडला जातो. मलईदारपणाचा भार दही, कडधान्य किंवा भाजीचाच गर यांवर टाकावा, म्हणजे प्रथिने व तंतू आपोआप वाढतात. मेद हा त्या भाराचा आधार न ठेवता स्वादाचा व शोषणाचा वाहक म्हणून, मोजून आणि शेवटी घालावा. फिकेपणावर उपाय म्हणून साखर-मिठाऐवजी आंबट, तिखट व सुवासिक द्रव्ये योजावीत. बाजारातील बाटली घेणेच प्राप्त असेल, तर दर्शनी शिक्क्यावर न जाता मागील तपशिलातील मेद, संपृक्त मेद, मीठ व साखर हे चार आकडे एकत्र वाचावेत. आणि कोणत्याही डिपची अखेरची कसोटी त्याच्या स्वतःच्या उष्मांकांत न शोधता, त्याच्या निमित्ताने घरातल्या माणसांनी, विशेषतः मुलांनी, किती भाजी खाल्ली यात शोधावी. चार चमचे साध्या दह्याच्या डिपमुळे एखादे मूल आनंदाने दोन गाजरे आणि एक काकडी खात असेल, तर त्या दह्यातील स्निग्धांशाची चिंता वाहण्याचे कारण उरत नाही. आणि डिप कितीही निर्मेद असले, पण त्याच्याबरोबर भाजीऐवजी तळलेले वेफरच संपत असतील, तर त्यावरील सारे श्रम व्यर्थ आहेत.